सूचना : शनिवारी सॉफ्टवेअर तपासणी, आपापली पाठ्यपुस्तकं आणा

सर्व शिक्षक सभासदांना नमस्कार.

शनिवारी दुपारी ३ वाजता दादरला नेहमीच्या वर्गात भेटू. वर्गासाठी सुचवलेली तीन सॉफ्टवेअर त्या दिवशी स्वतः चालवून बघायची आहेत. विक्रेत्याचा डेमो नको. मागच्या वर्षी डेमोत सगळं सुसाट चाललं आणि वर्गात पन्नास मुलांसमोर गोल चक्र फिरत राहिलं, हे विसरलेलो नाही. म्हणून पहिली दहा मिनिटं वायफाय बंद ठेवूनच.

मराठी नीट तपासा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही टाइप करून बघा. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होत असेल तर भूगोल संपलाच. ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे, तेही पाहा. पहिली-दुसरीच्या बाईंनी २७ हा आकडा वाचायला लावावा. बालभारतीच्या २०१९च्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! सॉफ्टवेअर काय म्हणतं ते ऐकू.

चूक उत्तर मुद्दाम द्या. नुसती लाल फुली येते, की हातचा कुठे राहिला ते सांगतं? माझ्या मते खरेदीचा निर्णय इथेच होतो. कार्टून कितीही नाचोत.

मुलांची खरी नावं, जन्मतारखा भरू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

चार्जर आणि एखादा जुना, रडतखडत चालणारा फोन जरूर आणा. चहा आहे, वडापाव ज्याचा त्याने.