चित्र काढणाऱ्या मुलांना रिकामा दिवस हवा

मा. संपादक,

गेल्या रविवारी हाती कोणतेच काम नव्हते, म्हणून शहरात नुसते हिंडावे, पाय नेतील तिकडे जावे, असे ठरवून घराबाहेर पडलो आणि दुपारी एका वस्तुसंग्रहालयात शिरलो. तेथे एका दगडी घोड्यासमोर आठ-नऊ वर्षांची मुलगी जमिनीवर मांडी घालून चित्र काढत होती. घोड्याचा मागचा पाय तिला साधत नव्हता. ती खोडून पुन्हा काढी, मध्येच उठून शिल्पाच्या बाजूला जाई, सांधा कोणत्या दिशेने वाकतो ते निरखून पाही आणि परत जागेवर येऊन बसे. अखेर कागदावरचा पाय बरोबर दिशेला वाकला. पण तेवढ्यात पहारेकऱ्याने ‘वाटेत बसू नका’ म्हणून तिला उठवले. तिच्या आईलाही पुढच्या शिकवणीची वेळ गाठायची होती, त्यामुळे वही तशीच मिटली गेली. दोघांचेही वागणे समजण्याजोगे होते, तरीही मनाला फार लागले, म्हणून हे पत्र.

मुलाला चित्रकलेचे अंग आहे असे दिसले की आपण तत्परतेने शिकवणी लावतो, परीक्षांना बसवतो, स्पर्धांमध्ये नाव नोंदवतो. त्यामागची माया खरी असते. मात्र या धावपळीत, एखाद्या वस्तूकडे हवा तितका वेळ पाहत राहण्याची मुभा तेवढी नेमकी हिरावली जाते. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत चित्रकारांना सुचवले आहे की, सोबत एक छोटी वही बाळगावी आणि येता-जाता बोलणारी, भांडणारी, हसणारी माणसे कशी उभी राहतात, कशी हालचाल करतात, ते थोडक्या रेषांत टिपून घ्यावे. हे करायचे तर माणसाला निवांत हिंडता आले पाहिजे. अर्थात, हाच लिओनार्दो फ्लॉरेन्समध्ये व्हेरोकियोच्या कार्यशाळेत कित्येक वर्षे उमेदवारी करून घडला. शिस्तीला माझा विरोध नाही. ती कधी यावी, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, गणितज्ञ अशा आपापल्या क्षेत्रांत अगदी वर पोहोचलेल्या सुमारे १२० जणांच्या जडणघडणीचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील पियानोवादकांचे पहिले शिक्षक बहुधा घराजवळचे, प्रेमळ, मुलाला गोडी लावणारे होते. कठोर गुरू नंतर आले. आपण पुष्कळदा हा क्रम उलटा लावतो आणि गोडी लागण्याआधीच गुण मोजू लागतो.

बक्षिसांबाबत तर अधिकच जपायला हवे. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये, मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळेत हवे ते करायची मुभा असताना, आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अवचित प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे मनापासून दिलेल्या शाबासकीने बिघडत नाही. चित्राचा सौदा झाला की बिघडते. दर महिन्याला मुलांना स्पर्धेला पाठवणाऱ्या प्रत्येक घराने याचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

संग्रहालयांच्या व्यवस्थापनांनाही एक विनंती आहे. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ मध्ये खुले झाले, तेव्हापासून चित्रकारांना दालनात बसून कलाकृतींवरून चित्रे काढण्याची परवानगी मिळत आली आहे आणि रीतसर परवाना घेऊन ती आजही मिळते. जगातील सर्वाधिक गर्दीच्या संग्रहालयांपैकी एकाला जे जमते, ते इतरांना अशक्य नाही. आठवड्यातील एक सकाळ, भिंतीलगतची थोडी जागा आणि चार सतरंज्या एवढे पुरेसे आहे. पहारेकऱ्याला तशी सूचना असेल, तर त्यालाही मुलांना उठवावे लागणार नाही.

आपल्या वृत्तपत्रात चित्रकला स्पर्धांच्या तारखा आणि निकाल नेमाने छापून येतात. त्यांच्याच शेजारी, मुलांना वही-पेन्सिल घेऊन विनाअडथळा बसता येईल अशा शहरातील जागांची आणि तेथील वेळांची माहितीही दर आठवड्याला द्यावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक