चार गावांमागे एक बाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या आपल्या पुरवणीत शेवटच्या पानावर ‘संपूर्ण स्त्री कॅन्सर तपासणी’ची जाहिरात होती. रक्ताच्या एका नमुन्यात सात-आठ ‘मार्कर’, म्हणजे कॅन्सरच्या रक्तातल्या खुणा, आठवडाभर निम्म्या दरात. माझ्या सुनेने तिचा फोटो पाठवून विचारलं, “आई, करून घेऊ का?” तिला फोनवर जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहिते आहे.

त्या यादीत सीए-१२५ होतं, अंडाशयाच्या कॅन्सरची रक्तातली खूण म्हणून. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर याचा अभ्यास झाला. दरवर्षी रक्त तपासूनही अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निकाल २०२१ मध्ये आला. काही त्रास नसलेल्या बाईने त्यावर पैसे घालवू नयेत, असं मी सुनेला सांगितलं. जिने जीव वाचतो, ती तपासणी मात्र त्या यादीत नव्हती: गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूने होतो, त्या एचपीव्हीची. आणि तिचा पुरावा कुठे मिळाला, तर आमच्याच जिल्ह्यात.

मी धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, म्हणून रुजू झाले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. २००० सालच्या सुमारास बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची जीप माझ्या उपकेंद्राच्या गावात येऊ लागली. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचा तो अभ्यास होता. माझं काम एवढंच, की घरोघर जाऊन ३० ते ५९ वयाच्या बायकांना बोलावून आणायचं. वय सांगायला कुणाकडे दाखला नसायचा. “दुष्काळात माझं लग्न झालं,” म्हणायच्या. बहात्तरचा दुष्काळ धरून आम्ही हिशेब लावायचो. शाळेच्या एका खोलीत दोन बाकं जोडून वर चादर, दाराला जुनं लुगडं बांधलेलं. आत गेलेली बाई दहा मिनिटांत बाहेर यायची. बाहेरच्या विचारायच्या, “दुखलं का गं?” एकीने सांगितलेलं अजून कानात आहे: “काही नाही, बारीक ब्रश फिरवला. पोरं झाली तेव्हा कुणी एवढ्या हळू हात लावला नव्हता.”

जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट करून ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले होते. तेरा गटांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, तेरांत पॅप, म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तपासणी, तेरांत व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायची तपासणी, आणि उरलेल्या तेरांत नेहमीची आरोग्यसेवा तेवढी चालू राहिली. एकूण १,३१,७४६ बायका. प्रत्येकीची तपासणी एकदाच, आणि पुढे आठ वर्षं नोंद ठेवली. ही नोंद ठेवणं सोपं नव्हतं. पण बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी होती, देशातली अशी पहिली. बाई सासरी मेली की माहेरी, दवाखान्यात की घरी, हे शोधत गावोगाव फिरणारी माणसं तिथे आधीच तयार झाली होती.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. जिथे तपासणी नव्हती त्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या ३४,१२६ पैकी ३४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि डोळ्यांनी बघायच्या तपासणीने मृत्यूंत खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही.

मी कागदावर हिशेब केला. तपासणी नसलेल्या गावांत हजारी दोन मृत्यू, तपासणी झालेल्यांत हजारी एक. हजार बायकांचा नमुना एकदा घेतला, तर आठ वर्षांत एक बाई वाचते. दीड हजार वस्तीच्या गावात या वयाच्या अडीचशे ते तीनशे बायका निघतात. चार गावं फिरलं की एक बाई. कुणाला हा आकडा लहान वाटेल. मी चार गावं कितीतरी वेळा पोलिओसाठी फिरले आहे, पायी फिरले आहे, म्हणून मला तो लहान वाटत नाही.

माझं उपकेंद्र एचपीव्हीच्या गटात होतं. माझं माहेर तिथून १८ किलोमीटरवर, ते तपासणी नसलेल्या गटात गेलं. तिथे माझी थोरली वहिनी होती, तेव्हा ४४ वर्षांची. तिच्या अंगावरून दोन वर्षं पांढरं जात होतं, मग मध्येच लाल. एका खाजगी दवाखान्यात तिला वर्षभर गोळ्या दिल्या, पण टॉर्च लावून आत कुणी पाहिलं नाही. मी नर्स, दिवसभर परक्या बायकांना हाताला धरून त्या खोलीत नेत होते, आणि दिवाळीला वहिनीने सांगितलं तेव्हा “पाळी जायची वेळ आली असेल” एवढंच म्हणून उठले. बार्शीला नेलं तेव्हा तिसरी स्टेज होती. रेडिएशनच्या मनोऱ्यासारख्या यंत्राखाली झोपायच्या आधी ती रोज हातातल्या बांगड्या काढून माझ्या ओच्यात द्यायची. २००६ च्या जूनमध्ये गेली. त्या ६४ मध्ये मी तिला मोजते.

एका गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे देशात आणि परदेशात बरंच लिहिलं गेलं. ते प्रश्न विचारायलाच हवे होते. तेव्हा जिल्ह्यात कुठल्याच गावात तपासणी होत नव्हती आणि कोणती उपयोगी पडेल हे माहीत नव्हतं, म्हणून संशोधनाबद्दल माझ्या मनात राग नाही. राग याचा आहे, की उत्तर मिळून १५ वर्षांच्या वर झाली आणि मी निवृत्त होईपर्यंत माझ्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एचपीव्हीचा एकही नमुना घेतला गेला नाही.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये जी पद्धत ठरवली, ती डोळ्यांनी बघायची: दर पाच वर्षांनी आम्ल लावा, मिनिटभर थांबा, पांढरा डाग दिसतो का पाहा. मी ती केली आहे. उजेड चांगला असेल, हात रोजचा बसलेला असेल, तर ती वाया जात नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच लोकांनी दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून दीड लाख बायकांचा अभ्यास केला, तिथे या पद्धतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण तिथे दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी झाली. आमच्याकडे नर्सकडे लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, पोर्टलवरची नोंद आणि त्यातून महिन्यातले एक-दोन दिवस हे. पाळी गेलेल्या बाईत बघायची जागाच आत सरकलेली असते, ती दिसतच नाही. मग रजिस्टरमध्ये ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. एचपीव्हीच्या नमुन्याला डोळा लागत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या अभ्यासात शंभरात दहा बायकांत विषाणू सापडला. त्यांना कॅन्सर झाला होता असं नव्हे. त्यांना बोलावून नीट पाहायचं, आणि डाग असेल तर तो गोठवून किंवा तापवून जागच्या जागी काढायचा. बाकीच्या नव्वद पुढची कैक वर्षं निर्धास्त.

पैसे नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होतं, आणि ते होतं म्हणून कित्येक घरं तगली. पण ती योजना आजार झाल्यावरची आहे. आणि मोफत असलं तरी पाच-सहा आठवडे बार्शी किंवा सोलापुरात राहायचं, बाईची मजुरी बुडते, सोबतच्याची बुडते, शेळ्या विकल्या जातात. वहिनीच्या वेळी दादाने बैलजोडी विकली. हा खर्च कुठल्याच सरकारी तक्त्यात येत नाही. एचपीव्हीचं किट पूर्वी महाग होतं, लॅब मोठी लागायची. आता टीबीच्या तपासणीसाठी जे ट्रूनॅट यंत्र तालुक्या-तालुक्याला बसवलं आहे, गोव्यातल्या कंपनीचं, त्यावर एचपीव्हीची चिपही चालते. यंत्र आहे, ते चालवणारा आहे. चिपा आणि ब्रश घ्यायचे आहेत.

तपासणी नसते तिथे भीती विकली जाते, हे मी पाहिलं आहे. आमच्याकडच्या बायका कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, त्याचा दंड. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल” म्हटलं, की ती मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या पैशांतून पिशवी काढून मोकळी होते. बीडमध्ये २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या.  यातल्या कितीजणींच्या हातात ‘तुला विषाणू नाही’ असा एक कागद असता, तर त्यांनी त्या टेबलावर चढायला नकार दिला असता?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. ३० ते ४९ वयाच्या बायकांत आयुष्यात कधीतरी या कॅन्सरची तपासणी झालेल्या देशात १.९ टक्के. तमिळनाडूत ९.८. तिथलीही नर्स माझ्यासारखीच, कामाच्या ओझ्याखाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी एकेकदा एचपीव्ही तपासणी ७० टक्के बायकांची व्हावी. मुलींना या विषाणूविरुद्धची लस मिळावीच, पण आज जी चाळीस वर्षांची आहे तिला लसीचा फायदा आता फारसा नाही. तिला ब्रशच हवा.

खात्यातल्या साहेबांना एक विनंती आहे. शिबिरं जानेवारी-फेब्रुवारीत घेऊ नका. तेव्हा आमच्या गावांत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं असतात. ज्यांची तपासणी व्हायची त्या बायका कारखान्यांच्या फडात असतात. त्या एप्रिल-मेमध्ये परततात. पेरणीच्या आधीचे चार आठवडे मिळतात, ते धरा. नमुना बाईला स्वतःच घेता येतो, तेही शिकवा. पुरुष डॉक्टर नको म्हणून घरी बसणाऱ्या निम्म्या तरी येतील. आणि निकाल मोबाईलवर पाठवू नका. मोबाईल नवऱ्याकडे असतो. आशाताईच्या हाती कागद द्या.

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते. तिथल्या आशाताईसोबत बसून ३० ते ५९ च्या बायकांची यादी केली: नाव, वय, कोण कोणत्या फडात आहे, केव्हा परतणार. २७२ नावं झाली. त्यात वहिनीच्या दोन्ही लेकी आहेत, एक ४१ ची, एक ३८ ची. यादीची एक प्रत पीएचसीत दिली आहे, एक माझ्याकडे आहे. मेमध्ये शाळेच्या खोल्या रिकाम्या असतात, मुख्याध्यापकांनी एक खोली द्यायला होकार दिला आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका, जि. धाराशिव