हात काढण्याआधी विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,

प्रत्यक्ष भेटीत आभार मानायचे राहून गेले, कारण बोलायला लागले की गळा दाटून येतो. अजूनही येतो. म्हणून लिहून मोकळी होतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. पाण्याला घाबरणारी मोठी माणसं पुष्कळ आहेत. तुमच्यासारखं शिकवणारं कुणी असतं, हे त्यांना कळायला हवं.

तरण तलावाच्या कठड्याला मी इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. तुम्ही ते पाहिलंत, पण 'घाबरू नका' म्हणाला नाहीत. मला शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच असायचं. लहानपणी एका सरांनी तर मागून सरळ ढकलून दिलं होतं. पाण्यात टाकलं की माणूस आपोआप पोहायला लागतो, हा त्यांचा समज. मी गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर काढलं तेव्हा काठावरची मंडळी हसत होती. मोठेपणी पुन्हा हिंमत केली, तर दुसऱ्या एका सरांनी पाठीखालचा हात न सांगता काढून घेतला. 'बघा, जमलं की नाही!' काही जमलं नव्हतं. माझा त्यांच्यावरचा विश्वास तेवढा गेला होता. 'ही मुळातच भित्री' हा शिक्का या लोकांनी मारला आणि घरच्यांनीही तो खरा मानला. त्या दोघांचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

आणि तुम्ही? मी पाण्यावर पाठ टेकून आडवी व्हायचा प्रयत्न करत होते, तुमचा तळवा माझ्या डोक्याखाली होता. तुम्ही विचारलंत, "काकू, आता हात काढू का?" मी म्हटलं, "नको." तुम्ही नाही काढलात. पुढच्या खेपेला पुन्हा विचारलंत, मी पुन्हा नको म्हटलं, हात तिथेच. तुमच्या आवाजात कंटाळा नव्हता, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव नव्हता. बॅचमधल्या बाकीच्या बायका पाय मारत पुढे निघून गेल्या होत्या, तरी तुम्ही घाई केली नाहीत. मग एके दिवशी मीच म्हणाले, "काढा." तुम्ही हात काढलात आणि मी तरंगत होते. कान पाण्यात बुडालेले, त्यामुळे स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी रडले. ओल्या चेहऱ्यावर ते कुणाला दिसलं नसेल, तुम्हाला मात्र कळलं असणार.

श्वासाचं तुम्ही सांगितलंत, तसं आधी कुणीच सांगितलं नव्हतं. घाबरलेला माणूस पाण्यात तोंड घातलं की श्वास कोंडून धरतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव गुदमरल्यासारखा वाटतो तो मुख्यतः त्यामुळे. पाण्यातच हळूहळू बुडबुडे सोडायला शिकवलंत आणि माझी निम्मी घालमेल तिथेच थांबली. छाती हवेने भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यावर राहतं, हेही तुम्ही नुसतं सांगितलं नाहीत, करून दाखवलंत.

नंतर वाचनात आलं की १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. मूल आवडीचं खात असताना ससा दुरून थोडा थोडा जवळ आणायचा, त्याला सोसेल तेवढाच. शेवटी तो पोरगा सशाला कुरवाळू लागला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हे माहीत होतं, आणि तरीही पोरांना मागून ढकलणारे अजून स्वतःला धाडस शिकवणारे म्हणवतात! दुसऱ्याला न विचारता त्याचा जीव टांगणीला लावायचा आणि त्याला धाडस म्हणायचं, हे मला मान्य नाही. धोका पत्करायचा की नाही, हे ज्याचं त्यानेच ठरवलं पाहिजे. तुम्ही तो निर्णय माझ्या हातात ठेवलात.

पाण्याची भीती खुळी नसते, हेही तुम्ही मान्य केलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. 'भीती राहू दे, तिच्यासकट पाण्यात या,' असं तुम्ही म्हणायचात. नवीन तलावात ती पुन्हा डोकं वर काढेल, हेही आधीच सांगून ठेवलं होतंत. तसंच झालं. पण ती येणार हे माहीत असल्यामुळे मी तिथून पळाले नाही. कठडा धरला, बुडबुडे सोडले, मग कठडा सोडला.

ऑफिसात वर्षानुवर्षं मी ज्या जबाबदारीला नको म्हणत आले, ती यंदा स्वतःहून मागून घेतली. छाती धडधडत होती. धडधडू दिली.

शब्द पाळणारी, समोरच्याचं 'नको' ऐकून घेणारी माणसं फार गाजत नाहीत. त्यांचं कौतुक व्हायला हवं, तेही मोठ्याने.

मॅडम, एक विनंती आहे. नवीन बॅचमध्ये कठडा न सोडणारी कुणी आली, तर मला निरोप पाठवा. तुम्ही बाकीच्यांना शिकवत असाल तेवढा वेळ मी उथळ बाजूला तिच्याजवळ उभी राहीन. हात न विचारता काढणार नाही.

तुमची,
सकाळच्या बॅचमधली काकू