आधी शेपटी उचल

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू पोट धरधरून हसत होतास. पाहुण्यांसमोर मोत्या म्हणे पुढचे पाय टेकून, मागचे पाय वर धरून हॉलभर बूड घासत फिरला आणि वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. मीही हसलो. पण मग तू म्हणालास, "जंत झालेत, मेडिकलमधून डोस आणलाय." तेव्हाच मला बोलायचं होतं, पण मी जेवणाच्या ताटावर होतो आणि आमच्या घरी जेवताना कुत्र्याच्या बुडाचा विषय काढायला सक्त मनाई आहे. ती का, हे पुढे कळेलच. म्हणून हे पत्र.

आमचा बाळ्या तुला माहीत आहे. पॉमेरेनियन म्हणून आणलेला, निघाला साधा स्पिट्झ, कापसाचा बोळा. गेल्या आषाढात त्यानं हेच सुरू केलं. मीही तेच केलं, डोस. पंधरा दिवसांनी पुन्हा घासायला लागला, पुन्हा डोस. औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, जंत चिवट असतात." मलाही ते पटलं. शेपटी उचलून एकदा खाली बघावं, हे काही सुचलं नाही. खरं सांगू का, सुचलं होतं. किळस आली म्हणून नाही बघितलं.

श्रावण लागला आणि घरात वास सुटला. एकदम सुकटीचा! आधी वाटलं गटार तुंबलंय. मग शेजारच्या काकू दारात येऊन अगदी हळू आवाजात विचारून गेल्या, "श्रावणात तुमच्याकडे चालतं का हो?" हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी धूप, कापूर, फिनाईल सगळं झालं. वास जिथून येत होता तो प्राणी सोफ्याखाली बसून शेपटीखाली चाटत होता.

राखीपौर्णिमेला ताई आली. ओवाळायला सतरंजी अंथरली आणि बाळ्या तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेला. मागे पट्टा उमटला, पिवळट आणि त्यात रक्त. राखी तशीच ताटात राहिली. मी त्याला उचलून रिक्षात बसलो.

डॉक्टरांनी केस कापले तेव्हा दिसलं. गुदाच्या एका बाजूला, खाली, सुपारीएवढी सूज आणि तिला पडलेलं भोक. गळू होऊन फुटलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "किती दिवस घासत होता?" मी गप्प.

तर दिलीप, तिथं काय असतं ते आता मला पाठ झालंय. कुत्र्याच्या गुदाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या आत दोन लहान पिशव्या असतात. मागून बघताना घड्याळ कल्पून घे, चारच्या आणि आठच्या जागी. त्यांत एक तेलकट, भयंकर वासाचा द्रव साठतो. शी घट्ट असली की बाहेर पडताना त्या पिशव्यांवर दाब येतो आणि थोडा द्रव शीबरोबर निघून जातो. प्रत्येक कुत्र्याचा वास वेगळा. दोन कुत्री भेटली की आधी एकमेकांच्या मागे नाक लावतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मुंगसालाही अशा ग्रंथी असतात, मांजरालाही. दिवाळीत फटाक्याला दचकून कुत्रं अचानक घाण मारतं ना, तेव्हा भीतीनं त्याच पिशव्या एकदम रिकाम्या झालेल्या असतात.

शी सतत पातळ किंवा मऊ असली की तो दाब पडत नाही. कुत्रं लठ्ठ असलं तरी ही तक्रार जास्त. मग आतला द्रव घट्ट होत जातो, बारीक तोंड बुजतं, पिशवी ठणकायला लागते. त्याला हात नाहीत, म्हणून ते फरशीवर घासतं. तेवढ्यावर आपण थांबवलं नाही तर आत पू होतो. बाळ्याचं तेच झालं. भूल देऊन जखम धुतली, अँटिबायोटिक आणि वेदनेच्या गोळ्या दिल्या आणि गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा. दोन आठवडे तो दाराच्या चौकटीला धडकत फिरत होता.

आता जंतांचं. ते अगदीच खोटं नाही. पट्टकृमी झाला तर त्याचे तुकडे गुदातून बाहेर येतात आणि खाज सुटते. पण तो ओळखता येतो. शेपटीखालच्या केसांत किंवा त्याच्या अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखं काही दिसतं का बघ. ताजं असेल तर वळवळतं, वाळलं की तिळासारखं दिसतं. हा कृमी पिसवांतून येतो. पिसवेची अळी त्याची अंडी खाते, पुढे तीच पिसू कुत्रं अंग चावताना गिळतं. म्हणून नुसता डोस देऊन भागत नाही, पिसवा घालवाव्या लागतात आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं. डोसही कुठलाही चालत नाही, त्यात प्राझिक्वांटेल आहे का ते वेष्टनावर वाच. तुझ्या मेडिकलवाल्यानं दिलेल्यात आहे का?

तिसरी गोष्ट अ‍ॅलर्जी. मोत्या पंजे चाटतो, कान खाजवतो असं तूच मागे म्हणाला होतास. तसं असेल तर बुडाची खाज हा त्याच दुखण्याचा एक भाग असू शकतो, आणि मग पिशव्या कितीही रिकाम्या करा, पुन्हा भरणार. हे डॉक्टरांना आवर्जून सांग. आणि म्हाताऱ्या कुत्र्यात तिथं गाठही होते, कधी कधी वाईट. मोत्या आता नऊचा झाला, म्हणून बोट घालून तपासायला लाव, लाजू नकोस.

दोन गोष्टी करू नकोस. एक, स्वतः दाबून बघू नकोस. आत सूज असेल तर फुटेल आणि मोत्या चावेल, त्यात त्याची चूक नसेल. दुसरं, आंघोळ घालणारा पोरगा "दर महिन्याला पिळून देतो" म्हणाला तर नको म्हण. दुखत नसताना उगाच दाबलं तर तिथं इजा होऊन सूज येते.

आणि त्याला तुपाची पोळी बंद कर रे. वहिनी नाही देत, तूच देतोस, मला माहीत आहे. बाळ्याला आता जेवणात उकडलेला लाल भोपळा असतो, मीठ-मसाला काही नाही. शी बांधून होते. आमच्या बाबतीत उपयोग झाला. सगळ्यांना होईलच असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. वर्षात त्यानं दोनदाच घासलं. दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेला. डॉक्टर हातमोजा चढवतात, व्हॅसलीन लावतात, बोट आत आणि अंगठा बाहेर, अर्ध्या मिनिटात काम. बाळ्या माझ्याकडे असा बघतो की मी त्याची इस्टेट विकली.

तर आज संध्याकाळी उजेड असताना मोत्याची शेपटी उचल. लाल दिसतंय का, एका बाजूला फुगलंय का, कणी दिसते का, ते बघ आणि मला कळव. फोन नको करूस, आम्ही आठला जेवतो. आणि हे पत्र वहिनींना वाचून दाखवणार असशील तर त्यांचंही जेवण होऊ दे.

तुझा,
अरुण