मोतद्दाराला माफ न करणाऱ्या काकूंना

ठाणे

आदरणीय काकू,
सा. न.

कादंबरीचा शेवटचा खर्डा प्रकाशकांकडे गेला. फोनवर आभार मानले असते तर ‘बरं बरं, चहाला ये’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे उघड पत्र. ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्या आणखी कुणाच्या हाती ते लागलं, तर तुमच्या पेन्सिलीचा त्यांनाही फायदा.

गोष्ट आपल्या ठाण्याच्या किल्ल्यातली. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आपण तट पाहायचा तो रस्त्यावरूनच. जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, म्हणजे दूत, गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. आळ आला दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर, आणि इंग्रजांनी त्यांना इथे आणून ठेवलं. पहारा गोऱ्या शिपायांचा. तरी सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. एका इंग्रज अंमलदाराचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, खिडकीखाली घोड्याची निगा करता करता गाण्यातून निरोप पोचवायचा आणि पहारेकऱ्यांना मराठी कळत नसे, असं सांगतात. बिशप हेबरच्या प्रवासवर्णनातही ते आलंय. हा मोतद्दार माझा नायक. नायिका मी जोडलेली, किल्ल्यात पखालीने पाणी भरणाऱ्याची मुलगी.

नायकात काहीतरी खोट हवी, असं सगळेच सांगतात. मग तो तापट होतो, नाहीतर थोडी पितो, आणि मनाने सोन्यासारखा असतो. तुम्ही समासात एवढंच लिहिलंत, ‘ही खोट कुणाला महागात पडते?’ त्या प्रश्नावर माझा पावसाळा गेला. मोतद्दार शूर कशामुळे? तर चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोटं बोलू शकतो म्हणून. मग तो तिच्याशी वेगळा का वागेल? पहारा कधी बदलतो हे काढून घेण्यासाठीच तो तिच्या मागे लागतो. जीव जडतो नंतर, आणि नेमका कधी ते त्यालाही सांगता येत नाही. ज्या तोंडाने गोऱ्यांना चकवलं त्याच तोंडाने तो तिला म्हणतो, ‘तुझ्यापासून काही लपवलं नाही.’ हे वाक्य तुमच्या झोपाळ्यावर बसून सुचलं, नंतरच्या वादावादीत.

कैदी पळाल्यावर संशय येतो तिच्या बापावर. मोतद्दार तोवर डोंगरात. त्याने जखमी होऊन परत यावं असं माझ्या मनात होतं. तुम्ही म्हणालात, ‘रक्त दिसलं की वाचक विरघळतो आणि लेखक सुटतो. धडधाकट आण त्याला.’ आता तो धडधाकट येतो आणि तिच्याकडे न जाता आधी बापासमोर उभा राहतो. बाप मान वर न करता पखाल शिवत राहतो. तिचं उत्तर इथे फोडत नाही.

काळाचं भान हा तुमचा दुसरा हट्ट. खुनाचा आळ असलेल्या माणसासाठी आपण मान धोक्यात घालतोय, हे मोतद्दाराला टोचायला हवंच. पण टोचावं ते त्याच्या काळासारखं. पुरावा, चौकशी, न्याय ही आपली भाषा. त्याला झोप येत नाही ती वेगळ्या कारणाने: मेला तो ब्राह्मण, विठ्ठलाच्या देवळातून परतताना, क्षेत्राच्या ठिकाणी. एवढ्यावर ते अख्खं प्रकरण उभं राहिलं. नाहीतर पागोटं घातलेला आजचा मुलगाच झाला असता तो (असे नायक हल्ली फार दिसतात, आणि खपतातही).

एक मात्र तुमचं ऐकलं नाही. १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले आणि त्यांची रवानगी काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात झाली. ती बातमी मोतद्दाराच्या कानावर पडावी, असं तुमचं म्हणणं. मी पुस्तक १८१७ मध्येच थांबवलंय. पुढे काय झालं ते वाचकाला ठाऊक असतं. मोतद्दाराला ते कळलं की तो पश्चात्ताप करत बसेल, आणि मग तिच्या बापासमोर उभं राहण्याची किंमत उतरेल. पटणार नाही तुम्हाला, माहितेय. रविवारी मामलेदारची मिसळ घेऊन येते, तेव्हा भांडू. तुमची कमी तिखट.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेखिका