बटण दाबून गाणे होत नसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील, गायक द वीकेंड यांच्या ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ या गाण्यावरील लेख वाचला. गाणे मलाही आवडले आहे. मात्र ‘ऐंशीच्या दशकात बटण दाबले की गाणे तयार होई आणि द वीकेंड यांनी तीच गंमत परत आणली’ हे आपल्या लेखकांचे विधान, ज्यांनी ती वाद्ये तेव्हा हाताळली त्यांना चांगलेच झोंबणारे आहे.

रोलंड कंपनीचा 1982 सालचा ज्यूनो-6 हा सिंथेसायझर मी ऑर्केस्ट्रात वाजवीत असे. जुळवलेला आवाज साठवून ठेवण्याची सोय त्यात मुळीच नव्हती. त्यामुळे एका गाण्यात बासरीसारखा आणि पुढच्यात व्हायोलिनच्या ताफ्यासारखा स्वर हवा असेल, तर निवेदकाचा विनोद संपायच्या आत, रंगमंचावरील अंधारात, एकेक स्लायडर वहीत टिपलेल्या जागी न्यावा लागे. एखादा जरासा चुकला की बासरीऐवजी भोंगा ठरलेला. आर्पेजिएटर, म्हणजे दाबून धरलेले सूर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय, स्वतःच्या गतीने चाले आणि आमचा ड्रमर स्वतःच्या. गाणे रंगात आले की ड्रमरची लय चढे आणि मी उजव्या हाताने सूर धरून डाव्या हाताने गतीचा स्लायडर त्याच्यामागे ढकलत बसे. अशाच एका गणेशोत्सवातील कार्यक्रमानंतर मंडळाच्या खजिनदारांनी ‘तुमचं काय, मशीनच वाजवतं’ असे म्हणून माझ्या ठरलेल्या बिदागीला कात्री लावली होती. (ते मशीन टेम्पोत चढवायला मात्र त्यांच्यापैकी कोणीही पुढे आले नाही.) आपल्या लेखकांचे त्या खजिनदारांशी काही नाते आहे काय, हे विचारण्याचा मोह मी आवरतो.

‘ब्लाइंडिंग लाइट्स’चे निर्माते मॅक्स मार्टिन आणि ऑस्कर होल्टर यांच्या हाताशी आज संगणक आहे, म्हणून या गाण्याची मिनिटाला 171 ठोक्यांची लय तसूभर हलत नाही. आम्हाला ते सुख नव्हते. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी सहज जोडणारी मिडी पद्धतच मुळी 1983 मध्ये आली.

लेखात परदेशी बँडांची रांग लावताना, मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांना एक ओळही मिळू नये, याचे नवल वाटते. त्यांनी 1982 मध्ये ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ताल वाजवणारे यंत्र आणि एकेक सूर आधी भरून ठेवावा लागणारे टीबी-303 हे खर्जाचे यंत्र घेऊन कलावती, मधुवंती, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ज्यांनी टीबी-303 मध्ये एक साधा तुकडा भरून पाहिला असेल, ते बटण दाबण्याची भाषा पुन्हा करणार नाहीत. ती ध्वनिमुद्रिका 2010 मध्ये परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या रसिकांना त्यांची आठवण झाली.

जाता जाता आणखी एक. त्या काळाचा आभास निर्माण करण्यासाठी आपण संपूर्ण पान काळे करून त्यावर जांभळ्या अक्षरांत मजकूर छापला, तो मला खिडकीपाशी भिंग घेऊन वाचावा लागला. ऐंशीच्या दशकात आपले वर्तमानपत्र पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनेच निघत असे.

आपला,
एक निवृत्त सिंथेसायझरवादक, डोंबिवली