मासळीच्या हिशेबात प्लवकांनाही जागा द्यावी : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

मासेमारीचे धोरण ठरवताना नौकांची संख्या, जाळ्याच्या आसाचे माप, बंदीचा काळ आणि बंदरात उतरलेल्या मासळीचे वजन यांचा विचार होतो. हा सगळा हिशेब मासा जाळ्यात अडकण्याइतका मोठा झाल्यानंतरचा आहे. त्याआधी तो काही मिलिमीटर लांबीचा डिंभ, म्हणजे अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू, म्हणून प्रवाहाबरोबर वाहत असतो. त्या काळात तो स्वतः प्लवक, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत राहणारा जीव, असतो आणि त्याचे अन्नही प्लवकच असते. या पत्राचा विषय तेवढ्या काळापुरता आहे.

बारीक विणीचे जाळे समुद्रातून काही मिनिटे ओढून बाटलीत रिते केले, तर प्रथमदर्शनी गढूळसर पाण्याखेरीज काही दिसत नाही. त्यातलाच एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काचेच्या झाकणबंद डबीसारख्या कवचातले डायटम नावाचे एकपेशीय शैवाल दिसू लागतात, त्यांच्यामधून लांब स्पर्शकांचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, झटके देत पळतात, आणि मध्येच एखादा काटेरी जीव येतो, जो पुढे खेकडा होणार असतो. कोपेपॉड आणि कोळंबीसारखे दिसणारे क्रिल जन्मभर प्लवकच राहतात. खेकडे, कालवे, तारामासे आणि बहुतेक सागरी मासे फक्त बालपणापुरते. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हे नाव दिले ते ‘भटके’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. नावामुळे हे जीव बिनकामाचे वाटतात खरे, पण पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळपास निम्मा वाटा समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे डायटमांसारख्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या प्लवकांचा आहे.

वनस्पतिप्लवक सगळे सारखे नसतात, आणि माझ्या मागणीचे मूळ इथेच आहे. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने एक दशांश अन्नच पुढे पोहोचते. पाण्यात डायटम मुबलक असले, तर ते कोपेपॉड खातात आणि कोपेपॉडांना लहान मासे खातात. म्हणजे १,००० किलो डायटमांमागे १० किलो मासा. त्याऐवजी प्रोक्लोरोकॉकससारखे, प्रकाशसंश्लेषण करणारे अतिसूक्ष्म जीवाणू माजले, तर ते कोपेपॉडांच्या हाती लागण्याइतके मोठे नसतात. आधी त्यांना चाबकासारख्या शेपटीचे एकपेशीय जीव खातात, मग त्यांना केसाळ एकपेशीय जीव, आणि नंतर कुठे कोपेपॉडांची पाळी येते. दोन पायऱ्या वाढल्या की त्याच १,००० किलोंमागे मासा उरतो १०० ग्रॅम. ‘पाण्यात अन्न किती’ या प्रश्नाइतकाच ‘कोणते’ हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

‘केव्हा’ हा तिसरा प्रश्न. एखाद्या वर्षी माशांची पिढी भरघोस का येते आणि पुढच्या वर्षी का येत नाही, याचे उत्तर नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये डिंभांच्या पहिल्या दिवसांत शोधले. अंड्यातला बलक संपतो त्याच सुमारास योग्य आकाराचे भक्ष्य समोर नसेल, तर डिंभ उपासमारीने मरतात, असे त्यांचे म्हणणे होते. उत्तर समुद्रात थंड पाण्यातली कोपेपॉडची एक जात हटत गेली आणि उबदार पाण्यातली दुसरी जात तिच्या जागी आली. पहिली वसंतात भरपूर असते, दुसरी उन्हाळ्याच्या अखेरीस. कॉड माशाचे डिंभ मात्र वसंतातच बाहेर पडतात. हा बदल ध्यानात आला, कारण ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी बनवलेले उपकरण व्यापारी जहाजांच्या मागे बांधून रेशमी पट्ट्यांत प्लवक गोळा करण्याचे काम १९३१ पासून चालू होते.

उपग्रहांकडून हरितद्रव्याचे नकाशे मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे आपल्याला सुचवले जाईल. ते नकाशे बैठकीत छान दिसतात आणि उपयोगीही आहेत. मात्र उपग्रहाला पृष्ठभागाजवळचा रंग कळतो, त्या रंगामागची जात नेमकी ओळखता येत नाही आणि कोपेपॉड किती आहेत हे तर त्यातून समजतच नाही. प्लवकांची नोंद ठेवल्याने अतिरेकी मासेमारी थांबेल, असा माझा दावा नाही. पेरूच्या किनाऱ्याची अँकोव्ही ही छोटी मासळी १९७० मध्ये १.२ कोटी टनांहून अधिक पकडली गेली आणि १९७२ च्या एल निन्योनंतर, म्हणजे पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या घटनेनंतर, ती मासेमारी कोसळली. तिथे खालून वर येणारे पोषक पाणी आटले आणि बेसुमार पकडही झाली होती, दोन्ही कारणे एकत्र आली.

म्हणून विनंती अशी की, ठरावीक ठिकाणी निदान पंधरा दिवसांतून एकदा प्लवकांचे नमुने घ्यावेत. अनेक कोपेपॉड रात्री वर येतात आणि दिवसा खोल जातात, म्हणून नमुने दिवसा व रात्री असे दोन्ही वेळा घ्यावेत. जाती ओळखणाऱ्या माणसांची पदे प्रकल्पाच्या मुदतीला न बांधता कायम असावीत, कारण ही नजर तयार व्हायला वर्षे लागतात आणि माणूस गेला की ती त्याच्याबरोबर जाते. मासळीच्या साठ्याचा वार्षिक अंदाज बांधणाऱ्या समितीसमोर या नोंदी दरवर्षी ठेवण्याचा लेखी आदेश आपण काढावा.

कळावे.

आपला नम्र,
प्लवकांचा एक अभ्यासक